आडव्या खडपावरच्या उपड्या वाट्या

कै. श्रीमती मथुरा बळवंत वैती, माहेरच्या द्रौपदी लवू केणी. जन्म मनोरी येथे, १९५०. निधन बोरिवली येथे, ९ फेब्रुवारी २०२५. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून अशी आहे. ती त्या काळच्या गुरुजींनी सोयीसाठी घातलेली असावी. त्यांच्या आईच्या सांगण्याप्रमाणे त्या नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी जन्मल्या. दोहोंपैकी मी आईचे म्हणणे ग्राह्य धरतो, कारण कोळ्यांच्या घरात तिथी चुकत नाही. शिक्षण चौथीपर्यंत. व्यवसाय मासळीविक्री, आणि तिच्या जोडीने, जोवर खाडीत ती होती तोवर, कालवे काढणे.

ज्यांचा समुद्राशी संबंध ताटापुरताच आला असेल, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. कालव हा दोन शिंपल्यांत राहणारा जीव. अंड्यातून बाहेर आल्यावर तो दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतो, मग एक जागा निवडतो, आपली खालची शिंपली त्या जागेला कायमची चिकटवतो आणि मरेपर्यंत तेथून हलत नाही. ही खालची शिंपली वाटीसारखी खोलगट असते, वरची झाकणासारखी सपाट. बसल्या जागी तो दर तासाला काही लिटर पाणी गाळतो. शिवाय कालवांच्या दाटीत चिंबोऱ्या, कोळंबीची पिल्ले आणि लहान मासे आसरा घेतात. कालवे गेली की पाणी गढूळते आणि ही पिल्लेही उघडी पडतात. जगाच्या दुर्मीळ प्राण्यांच्या यादीत आमच्या कालवाचे नाव नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अलीकडच्या काठावर असलेल्या आडव्या खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या लांबट खडकावर, २०२२ साली आम्ही मोजणी केली तेव्हा एकूण चौदा जिवंत कालवे सापडली. मथुराबाईंच्या तरुणपणी तेथे पाय ठेवायला जागा नसे.

'आम्ही' म्हणजे माझ्या शेजाऱ्यांची कन्या गंधाली आणि मी. गंधाली सागरी जीवांची अभ्यासक. खडपावर कालवे पुन्हा वसवण्याचा तिच्या महाविद्यालयाचा प्रयोग होता आणि त्यासाठी संबंधित खात्याने चाळीस फूट बाय दहा फूट एवढ्या पट्ट्याची परवानगी दिली होती. मुदत ३१ डिसेंबर २०२३. तोवर पिल्ले बसली नाहीत तर सर्व साहित्य काढून घ्यायचे आणि जागा सोडायची, असे पत्रात स्पष्ट होते. मी भूमापन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मला कालवांतले काही कळत नव्हते. पण पट्टा आखणे, चौकोन पाडणे, क्रमांक देणे आणि नोंदी ठेवणे एवढे येत होते. शिवाय एका प्रश्नाने मला पछाडले होते: डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा जीव जन्मात एकदाच जागा निवडतो, ती कशावरून?

मथुराबाई मला प्रथम दिसल्या त्या कोळीवाड्यातल्या देवळाच्या मंडपात. गंधालीने तेथे काचेच्या दोन बरण्यांत खाडीचे गढूळ पाणी भरले आणि एकीत अलिबागकडून आणलेली, दगडाला चिकटलेली सात कालवे ठेवली. दोन तासांनी कालवांच्या बरणीतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसू लागली. लोक पुढे सरसावून पाहू लागले.

"अरे, मग यान्ला म्युनिशिपालिटीन घ्या!" मथुराबाईंचे दीर जयवंत ओरडले. पासष्टीचे गृहस्थ, जाळी दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि टोमण्यांतही नाही. "पगार नको, बोनस नको, मोर्चा नाय. बसल्या जागी काम!"

"तुज्यासारखी बसल्या जागी बडबड करन्यापेक्षा बरी," मागून आवाज आला. मंडप हसला. बोलणारी बाई उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांत अबोलीचा छोटा गजरा. ती पुढे आली, बरणीजवळ वाकली आणि तिने एकच प्रश्न विचारला.

"ही दगडासकट आनलीस का गो, पोरी?"

"हो मावशी. नाहीतर खालची शिंपली फुटते आणि ते मरतं."

बाई पदर सावरून निघून गेली. मला तो प्रश्न चमत्कारिक वाटला, म्हणून मी तो वहीत टिपून ठेवला.

पहिला हंगाम वाया गेला. आम्ही सिमेंटच्या फरश्या टांगल्या आणि त्यांच्यावर दुसऱ्याच एका जिवाच्या टोकदार पांढऱ्या टोप्या बसल्या. कालवाचे पिल्लू एकही नाही. दुसऱ्या हंगामासाठी गंधालीने जुहूच्या हॉटेलांतून खाऊन टाकलेल्या कालवांच्या शिंपल्या गोळा केल्या आणि गच्चीवर चार महिने उन्हात वाळवल्या. कालवाचे पिल्लू कालवाच्याच जुन्या शिंपलीवर बसणे पसंत करते, असे तिच्या पुस्तकांत होते. कोजागरी पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, २८ ऑक्टोबर २०२३ रोजी, आम्ही जाळीच्या दहा तबकांत प्रत्येकी वीस शिंपल्या खडपावर बांधल्या. त्या सर्व मी उताण्या ठेवल्या, वाटीचे तोंड आकाशाकडे. कारण सांगतो: तशा ठेवल्या की आतले पिल्लू वरून दिसते आणि मोजणी नेमकी होते. ही सूचना माझी होती. तबकांना क्रमांक, शिंपल्यांना क्रमांक, सर्व ओळीत.

उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत मुंबईला ओहोटी साधारण सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास लागते. मी सकाळची वेळ धरली होती. दुसऱ्या सकाळी पाहतो तो पश्चिमेकडची चार तबके अस्ताव्यस्त. अस्ताव्यस्त हा शब्द चुकीचा आहे, हे मला नंतर कळले. त्यांतल्या ऐंशीच्या ऐंशी शिंपल्या उपड्या होत्या, वाटीचे तोंड खाली, आणि क्रमांक जागच्या जागी. लाटेने असे होत नाही. मी त्या पुन्हा उताण्या केल्या. तिसऱ्या सकाळी त्या उपड्या. मी उताण्या. चौथ्या सकाळी तेच. त्यानंतर लहान भरतीचे, म्हणजे भांगाचे दिवस आले. खडप पाण्याखाली राहिला आणि मी घरी बसून विचार करत राहिलो. चिंबोऱ्या असतील काय? पण चिंबोरी चार तबकेच का निवडील आणि उरलेली सहा का सोडील? की कोणी माझी थट्टा करत असेल? आणि करत असेल तर क्रमांक जपून का करील?

दिवाळीच्या अमावस्येला, १२ नोव्हेंबरला, मी पुन्हा गेलो. चार तबके उपडीच होती. मी त्यांतील शिंपल्या एकेक करून उलटल्या, आणि माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: 'तबके क्र. ७ ते १० : आतल्या बाजूस काळपट बारीक ठिपके. चिखल असावा. दात घासण्याच्या जुन्या ब्रशने स्वच्छ केले. तबके क्र. १ ते ६ : वाट्यांत गाळ भरलेला, तोही काढला. पिल्ले : शून्य.'

त्याच संध्याकाळी मी प्रथमच संध्याकाळच्या ओहोटीला खडपावर गेलो. मथुराबाई तेथे बसल्या होत्या. लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, बाजूला बांबूची काठी, आणि त्या दहाव्या तबकातील शिंपल्या एकेक करून उपड्या करत होत्या, तव्यावरच्या भाकऱ्या परताव्यात तशा.

"बाई, हे आपण करता?"

त्या दचकल्या नाहीत. माझ्या हातातली वही पाहून त्यांनी मला मास्तर ठरवून टाकले, आणि पुढे शेवटपर्यंत मी मास्तरच राहिलो. "मास्तर, हे रोज सकाली उताने तुमीच करता ना? मना वाटला, येडा कोन हाय बगाया पायजे."

"मोजणीसाठी तसे ठेवले आहेत."

"मोजन्यासाठी! अवो, पिल्लाला बसायला ठेवलंय का तुमाला मोजायला?" त्यांनी पहिल्या तबकातली एक वाटी उचलून माझ्यासमोर धरली. सकाळी मी स्वच्छ केलेल्या त्या वाटीत एका भरतीत बोटभर गाळ साचला होता. "ह्या डबक्यान तुमी बसाल का? वाटी उपडी पायजे. वर छप्पर, खाली सावली, गाल वरून घसरून जातो. खडपाच्या पोटाला हात लावून बगा, जुनी कालवा सगली तिथंच असायची."

"मग सगळीच तबके का नाही फिरवलीत?"

"गुडघे चार तबकांन संपतात माझे."

एवढे साधे उत्तर होते. मी घरी येऊन गंधालीला दूरध्वनी केला आणि घडला प्रकार क्रमाने सांगितला. ब्रशच्या नोंदीपर्यंत पोहोचलो तेव्हा ती किंचाळली.

"काका! ते ठिपके चिखल नव्हते. तुम्ही बाळं घासलीत, बाळं!"

जन्मात एकदाच जागा निवडणाऱ्या त्या जिवांनी मथुराबाईंनी दिलेली जागा निवडली होती, आणि मी ती दात घासायच्या ब्रशने साफ केली होती. ही चूक माझी आहे आणि ती नोंदीतून मी खोडलेली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दहाही तबके उपडी केली. मुदत संपायला सात आठवडे उरले होते.

त्यानंतर मी मथुराबाईंच्या घरी जाऊ लागलो. वयाने आम्ही एकाच वर्षाचे निघालो. पण त्या मला मास्तर आणि मी त्यांना बाई, हे ठरून गेले. लग्नापूर्वीचे मनोरी, १९६८ साली होडीतून आलेले वऱ्हाड, पती बळवंत यांची छोटी होडी, बाभईच्या बाजारातली त्यांची ठरलेली जागा, हे सर्व त्यांनी सांगितले. कालवे कशी काढत तेही सांगितले. सासूने पहिल्याच दिवशी हातात टोकदार लोखंडी हत्यार दिले आणि एक नियम दिला: वरचं आपलं, खालचं खडपाचं. झाकण उडवायचे, आतला गर खरवडून घ्यायचा आणि वाटी खडपावर तशीच सोडायची. पुढच्या वर्षी त्याच वाटीच्या आडोशाला नवी पिल्ले बसत. गंधालीच्या पुस्तकांत जे होते ते या सासूबाईंना न वाचता ठाऊक होते. त्यांना ते कोणी सांगितले असेल, याचा शोध मात्र मला लागला नाही.

मग एका दुपारी मला एक विसंगती दिसली. घरामागे धुण्याचा दगड होता आणि त्याच्यामागे ताडपत्रीखाली गोणपाटाची पोती रचलेली होती. एक फाटले होते आणि त्यातून शिंपल्या सांडल्या होत्या. मी एक उचलली. ती खालची वाटी होती आणि तिच्या पाठीला खडकाचा कपचा चिकटलेला होता. दुसरी उचलली, तीही तशीच. नियम जर खालचे खडपाचे असा होता, तर खालच्या वाट्यांनी भरलेली पोती येथे कशी?

मी विचारले. विचारू नये, असे क्षणभर वाटले होते. पण माप चुकल्याचे दिसल्यावर मला गप्प बसता येत नाही.

मथुराबाईंनी हातातल्या सुपलीतला जवळा निवडणे थांबवले नाही. "अकरा हायत," त्या म्हणाल्या. "मोजू नका, मना ठाऊक हायत."

१९९१ साली बळवंत यांच्या होडीचा तळ फुटला आणि ती वर्षभर काठावर पडून राहिली. त्याच सुमारास कोंबड्यांच्या खाद्यासाठी शिंपल्या विकत घेणारा एक व्यापारी येऊ लागला. त्याला जड वाट्या हव्या असत. मथुराबाईंनी प्रथम एक वाटी मुळापासून उचकटली, मग एक टोपली. पाहून इतर बायकांनीही सुरू केले. चार वर्षांत आडवा खडप न्हाव्याने हजामत केल्यासारखा गुळगुळीत झाला. मग खाडीचे पाणीही बिघडले आणि सगळ्यांनी सगळा दोष पाण्याला दिला. व्यापारी यायचा थांबला. शेवटची अकरा पोती तशीच राहिली.

"टाकायला हात झाला नाय," त्या म्हणाल्या. "खडपाचा होता ते. कुठं टाकू?"

"या पोत्यांत काय आहे, हे कोणाला ठाऊक आहे?"

"बलवंत होता त्याला. आता तुमाला." आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारले ज्यामुळे पुढचे सर्व घडले: "डोले मिटायच्या आधी खडपान एकदा दाटी बगायची हाय, मास्तर. एवढाच हाय."

आम्ही त्यांतील एक पोते उकळत्या पाण्यातून काढले, आठवडाभर वाळवले आणि त्यातल्या वाट्यांची दोन जादा तबके बांधली. त्रिपुरी पौर्णिमेला, २७ नोव्हेंबरला, मोजणी झाली. हॉटेलच्या दहा तबकांवर मिळून तीनशे बारा पिल्ले होती. मोठी म्हणजे मसुराच्या डाळीएवढी. मथुराबाईंच्या दोन तबकांना पाण्यात जाऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. तेथे त्या दिवशी काहीच दिसले नाही. दहा डिसेंबरनंतरच्या उधाणाला त्याच दोन तबकांवर चारशे छप्पन्न निघाली. मी तीनदा मोजले.

आता मुदतवाढ मिळायला हरकत नव्हती. परंतु खात्याने एक अट घातली. कोळीवाड्यातील कालवे काढणाऱ्या बायकांनी तीन वर्षे तेथून काही काढणार नाही, असे लिहून द्यावे. त्यासाठी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच मंडपात बैठक भरली आणि ती पहिल्या दहा मिनिटांत फिसकटली.

"आमी काय केला म्हनून आमी लिहून द्यायचा?" एक जण म्हणाली. "घान पानी सोडतात त्यांच्याकडून लिहून घ्या!"

"बरोबर हाय!" जयवंत उभे राहिले. "सगली मुंबई खाडीन हात धुते, आनि अंगठा कोलनीचा!"

त्यांच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते. गंधालीने समजावण्याचा प्रयत्न केला, पण तिचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. मी कागद हातात घेऊन उभा होतो. मुदत अकरा दिवसांवर होती. तेव्हा मथुराबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांच्या सूनबाई भाविका मागून एक पोते ओढत होत्या. ते त्यांनी मंडपाच्या मध्यभागी ओतले.

"ह्या वाट्या ओलखा," मथुराबाई म्हणाल्या. "खालच्या हायत."

म्हाताऱ्या बायका पुढे वाकल्या. त्यांना ओळखायला वेळ लागला नाही.

"पानी बिघडला, ते खरा. पन पानी नंतर बिघडला, पयली मी बिघडले. खालची वाटी पयली मी काडली. एक्यान्नव साली, होडी फुटली तवा. तुमी माझा बगून काडली."

जयवंत हळू म्हणाले, "वयनी, काडली तर सगल्यांनीच. तू एकटी कशाला डोक्यावर घेतंस?"

"पयली मी म्हनून. तुज्या बायकोला उचकटायला मीच शिकवला, जयवंत. तिला माझी सासू बोलली होती, असा करू नको. ती बोलली, मथुरा करते."

जयवंत यांच्या पत्नी तेव्हा हयात नव्हत्या. ते खाली बसले, आणि त्या दिवशी पुन्हा त्यांनी टोमणा मारला नाही.

लिहून द्यायचे ठरले. पण खात्याच्या मसुद्याप्रमाणे नाही. त्यात 'सदर जागेवरून कोणत्याही प्रकारे शिंपले निष्कासित करणार नाही' असे शब्द होते. मथुराबाईंनी ते वाचून घेतले आणि म्हणाल्या, हे आमचे नाही. शेवटी त्यांनी सांगितले तसे मी शुद्ध भाषेत उतरवले: 'तीन वर्षे कोणी काढणार नाही. त्यानंतर काढू, तेव्हा वरचे आपले, खालचे खडपाचे. खालचे जो काढील त्याने ते जेथून काढले तेथे परत नेऊन उपडे ठेवावे.' एकेचाळीस सह्या आणि सात अंगठे. पहिली सही मथुराबाईंची, चौथीच्या अक्षरात, प्रत्येक अक्षरावर वेगळी शिरोरेषा. खात्याने तो कागद स्वीकारला आणि २९ डिसेंबरला मुदतवाढीचे पत्र आले.

पुढच्या वर्षी आम्ही आणखी पोती खडपावर नेली. मथुराबाईंचे गुडघे चार तबकांवरून एकावर आले आणि मग एकही नाही. १४ जानेवारी २०२५ रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्या ओहोटीला, जयवंत यांनी त्यांना होडीतून खडपाशी नेले. मीही होतो. पट्ट्याच्या मध्यभागी जुनी शिंपली आता दिसतच नव्हती. कालवांवर कालवे बसली होती, काही दोन इंच मोठी, आणि त्यांच्या फटींतून बारीक चिंबोऱ्या तुरुतुरु पळत होत्या. मी आकडे सांगू लागलो तशी त्यांनी हात वर करून मला थांबवले. त्यांनी होडीतून वाकून दाटीवर तळहात ठेवला, धार लागेल एवढा दाबून, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"उतरायचा का, वयनी?" जयवंत यांनी विचारले.

"नको. पाय ठेवायला जागा नाय," त्या म्हणाल्या.

सव्वीस दिवसांनी त्या गेल्या.

त्यांच्या पश्चात जे ठरले आणि जे राहिले ते असे. खडपाच्या पट्ट्याची परवानगी चालू आहे आणि तीन वर्षांचा नियम आजवर कोणी मोडलेला नाही. ब्रश आता वापरला जात नाही. अकरा पोत्यांपैकी आठ त्यांच्या हयातीतच खडपावर परत गेली. तीन धुण्याच्या दगडामागे उरली होती, आणि कोजागरीच्या ओहोटीला वर्षाला एक याप्रमाणे ती नेऊन ठेवण्याचे भाविका यांनी सासूबाईंच्या दहाव्याला कबूल केले आहे. त्यांपैकी पहिले याच वर्षी नेले. वाहून न्यायला जयवंत होते आणि वाट्या उपड्या करायला इतर सहा बायका. हॉटेलच्या शिंपल्यांपेक्षा या तीस वर्षे पडून राहिलेल्या वाट्यांवर पिल्ले इतकी अधिक का बसतात, याचे उत्तर गंधालीकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. वहीत त्या प्रश्नापुढची जागा मी कोरी ठेवली आहे.